शिष्यवृत्तीचा अर्ज तुमच्या नावाचा, पण चाव्या कुणाच्या हातात?

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी आमच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. हातातल्या मोबाइलवर तिचा अर्ज उघडलेला होता आणि रक्कम वितरित झाल्याची नोंद स्पष्ट दिसत होती. पासबुकात मात्र एक रुपया नव्हता. दोनदा बँकेत जाऊन तिनं पासबुक भरून आणलं होतं. "सर, पैसे गेले कुठं?" एवढंच ती विचारत होती.

तिच्या आधारला कोणती बँक जोडलेली आहे ते आम्ही तिथंच तपासलं. जी बँक दिसली तिथं आपलं खातं आहे हे तिला माहीतच नव्हतं. मग हळूहळू आठवलं. उन्हाळ्यात गावच्या यात्रेत छत्री लावून बसलेल्या एका माणसाकडून तिनं मोफत सिमकार्ड घेतलं होतं. "एकदा अंगठा नीट उमटला नाही, परत ठेवा," असं तो म्हणाला होता. पहिला अंगठा सिमसाठी होता. दुसरा अंगठा तिच्या नावाचं खातं उघडायला आणि सरकारी पैसे त्याच खात्यात येऊ देत, अशी संमती द्यायला वापरला गेला.

मी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात काम करतो. शिष्यवृत्तीतली फसवणूक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं खोटे उत्पन्नाचे दाखले येतात. माझ्या टेबलावर येणारी बहुतेक प्रकरणं तशी नसतात. विद्यार्थी खरा असतो, दाखले खरे असतात, अर्जही खरा असतो. फक्त त्या अर्जाच्या चाव्या दुसऱ्याच्या खिशात असतात. चाव्या तीन आहेत: आधारला जोडलेला मोबाइल नंबर, आधारला जोडलेलं बँक खातं आणि शिष्यवृत्तीच्या पोर्टलचं युजरनेम-पासवर्ड. या तिन्ही तुमच्या हातात असतील तर तुमच्या नावावर दुसऱ्याला शिष्यवृत्ती उचलणं फार अवघड जातं. एक जरी निसटली तरी बाकीची काळजी अपुरी पडते. म्हणून अर्जाची तारीख सुरू होण्याआधी या तीन चाव्या ताब्यात घ्या, अर्ज मागाहून भरा.

हे किती मोठ्या प्रमाणावर होऊ शकतं, याची दोन उदाहरणं आधी सांगतो. २०२० मध्ये झारखंडमध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीतला घोटाळा बाहेर आला. दलालांनी गरीब माणसांची आधारकार्डं आणि बोटांचे ठसे घेतले आणि मोठ्या वयाच्या माणसांनाही शाळकरी मुलं दाखवलं. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला १०,७०० रुपयांपर्यंत मिळत, म्हणून त्यांना वसतिगृहातली मुलं बनवलं. पुढं २०२३ मध्ये केंद्रीय अल्पसंख्याक मंत्रालयानं १,५७२ संस्थांची तपासणी करवून घेतली, तेव्हा ८३० संस्था बोगस किंवा बंद आढळल्या. २०१७-१८ ते २०२१-२२ या काळातलं नुकसान १४४.८३ कोटी रुपये धरलं गेलं आणि तपास सीबीआयकडं गेला. ज्यांच्या नावानं पैसे उचलले गेले त्यातल्या अनेकांना आपण कागदोपत्री 'विद्यार्थी' झालो आहोत, याचा पत्ताही नव्हता.

पहिली चावी: आधारला जोडलेला मोबाइल

विद्यार्थ्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो, "आधारला कुणाचा नंबर आहे?" निम्मी मुलं गोंधळतात. लहानपणी आधार काढताना वडिलांचा नंबर दिलेला असतो आणि तो नंबर आता बंद असतो. कधी मामाचा असतो. कधी तर केंद्रावर बसलेल्या माणसानं काम लवकर उरकावं म्हणून स्वतःचाच नंबर टाकून दिलेला असतो. तसं असेल तर तुमच्या आधारचा प्रत्येक ओटीपी त्याच्या फोनवर जातो. बंद नंबरही धोक्याचाच आहे, कारण टेलिकॉम कंपन्या काही महिन्यांनी बंद नंबर दुसऱ्या ग्राहकाला देतात.

आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर 'मोबाइल पडताळणी' अशी सोय आहे. तिथं आधार क्रमांक आणि तुमचा नंबर टाकला की जोडणी आहे की नाही ते कळतं. कळलं नाही तर १९४७ वर फोन करा. मराठीतूनही बोलता येतं. नंबर बदलायचा असेल तर आधार केंद्रावर स्वतः जाणं बरं. घरबसल्या बदलून देतो म्हणणाऱ्या कुणाही अनोळखी माणसाला आधार क्रमांक देऊ नका. बदलण्यासाठी जाल तेव्हा पावती घ्या आणि पावतीवर छापलेला मोबाइल नंबर तिथंच उभं राहून अंकागणिक वाचा. एक अंक चुकला तर तुमची चावी अनोळखी माणसाच्या हातात जाते.

वय १५ झाल्यावर बोटांचे ठसे, डोळे आणि फोटो अद्ययावत करणं आवश्यक असतं. अकरावी-बारावीतल्या अनेक मुलांचं ते राहून गेलेलं असतं. मग ठसे जुळत नाहीत आणि मूल ज्या दुकानात 'दहा वेळा अंगठा' लावत बसतं, तिथंच घोळ होतो. दहावीच्या सुट्टीत हे काम उरकून टाकावं, असं मी पालकांना आवर्जून सांगतो.

मोबाइलच्याच ओघात आणखी एक तपासणी करा. 'संचार साथी' या दूरसंचार विभागाच्या संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती सिमकार्डं सुरू आहेत ते दिसतं. ओळखीचा नसलेला नंबर दिसला की 'हा माझा नंबर नाही' हा पर्याय निवडायचा. पाच मिनिटांचं काम आहे. त्या यात्रेतल्या मुलीच्या नावावर तीन सिमकार्डं निघाली होती, घेतलं होतं एक.

दुसरी चावी: पैसे नेमके कुठल्या खात्यात जातात

ही गोष्ट नीट समजून घ्या. बहुतेकांना वाटतं की अर्जात लिहिलेल्या किंवा पासबुकाची झेरॉक्स जोडलेल्या खात्यात पैसे येतात. आधारवर आधारलेल्या थेट हस्तांतरणात तसं होत नाही. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन म्हणजे एनपीसीआय एक यादी ठेवते. प्रत्येक आधार क्रमांकापुढं एकाच बँकेचं नाव असतं आणि सरकारी पैसे त्या बँकेत वळतात. तुमची चार बँकांत खाती असली तरी यादीत सगळ्यांत शेवटी जोडलेली बँकच राहते. नव्या बँकेत खातं उघडताना फॉर्मवरच्या 'शासकीय लाभ या खात्यात घ्यावेत' अशा ओळीपुढं खूण झाली की जुनी बँक यादीतून जाते आणि नवी येते. तुम्हाला कुणी विचारत नाही, कारण कागदावर तुम्ही संमती दिलेली असते.

२०१७ मध्ये हे देशभर घडलं होतं. सिमकार्डची पडताळणी करताना एका दूरसंचार कंपनीच्या पेमेंट्स बँकेत ग्राहकांच्या नकळत खाती उघडली गेली आणि लोकांची गॅस सबसिडी तिकडं वळली. यूआयडीएआयनं तेव्हा कंपनीवर कारवाई केली. पण ज्या वाटेनं ते झालं, ती वाट आजही मोकळी आहे: एक अंगठा, एक न वाचलेली ओळ.

म्हणून अर्ज करण्याआधी आणि पैसे येण्याच्या सुमारास, असं वर्षातून किमान दोनदा, हे करा. 'माय आधार' पोर्टलवर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आत जा. 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. तिथं बँकेचं नाव, जोडणी चालू आहे की नाही आणि ती शेवटची कधी बदलली ती तारीख दिसते. बँकेचं नाव तर सगळे पाहतात. तुम्ही तारीखही पाहा. बँक तुमचीच असेल, पण तारीख परवाची असेल आणि तुम्ही परवा बँकेत गेलाच नसाल, तर काहीतरी गडबड आहे. स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुढं तक्रार करायची वेळ आली तर 'अमुक तारखेपर्यंत माझी बँक ही होती' असं दाखवायला तोच कामी येतो.

बँक चुकीची दिसली तर आपल्या नेहमीच्या शाखेत जा, आधार जोडणीचा अर्ज भरा आणि पोच घ्या. एनपीसीआयच्या संकेतस्थळावर 'भारत आधार सीडिंग एनेबलर' ही ऑनलाइन सोयही आहे. तिथून जोडणी करता येते, हलवता येते, काढताही येते. तरी पहिल्यांदा बँकेत जाणंच बरं, कारण अनोळखी खातं कसं उघडलं गेलं याची लेखी तक्रार त्या दुसऱ्या बँकेकडं तुम्हाला करायचीच असते. बदल केल्यावर आठवड्याभरानं पुन्हा तपासा. 'अर्ज दिला' म्हणजे 'बदल झाला' असं धरून चालू नका.

बोटांच्या ठशांबद्दल दोन शब्द. आधारवर आधारलेल्या पैसे काढण्याच्या सोयीत खातेदाराचा आधार क्रमांक आणि अंगठा पुरतो, ओटीपी लागत नाही. गावाकडच्या आईवडिलांच्या खात्यातून पैसे जातात ते बहुतेकदा असेच. यावर साधा उपाय आहे: 'माय आधार'वर बायोमेट्रिक लॉक करून ठेवणं. लॉक असताना तुमच्या ठशांनी, डोळ्यांनी किंवा चेहऱ्यानं कुठलीही पडताळणी होत नाही. ओटीपीचं काम चालू राहतं. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर चेहऱ्याची पडताळणी करायची असेल तेव्हा लॉक तात्पुरतं उघडायचं, काम झालं की ते पुन्हा बंद होतं. मुलांनो, आपल्याबरोबर आईचं आणि आजीचंही लॉक करून द्या. त्यांच्या फोनवर ओटीपी कसा येतो, तो कुणालाही का सांगायचा नाही, हे शांतपणे समजावून सांगा. आजी विसरली तर रागावू नका, पुन्हा सांगा.

तिथंच 'ऑथेंटिकेशन हिस्टरी' आहे. गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कधी, कुठल्या पद्धतीनं आणि कुठल्या संस्थेनं वापरलं याची यादी मिळते. रात्री दोन वाजता ठशानं पडताळणी झालेली दिसली तर ती तुम्ही केलेली असणं शक्य नाही.

तिसरी चावी: पोर्टलचं खातं

आपल्याकडं अर्ज भरण्याची रीत अशी आहे की झेरॉक्सच्या किंवा ऑनलाइनच्या दुकानात फाईल द्यायची आणि "दादा, भरून ठेवा, संध्याकाळी येतो," असं म्हणून निघायचं. बहुतेक दुकानदार प्रामाणिक असतात. त्यांच्यामुळंच हजारो मुलांचे अर्ज वेळेत जातात हे मी रोज पाहतो. पण व्यवहाराची ही पद्धत धोक्याची आहे. घाईत सगळ्या मुलांना एकच पासवर्ड ठेवला जातो. ओटीपी लवकर मिळावा म्हणून मोबाइलच्या रकान्यात दुकानाचा नंबर जातो. दुकानात काम करणारी पोरं बदलत राहतात, संगणक तोच राहतो.

तुमच्या त्या फाईलमध्ये काय असतं ते एकदा मोजा. आधार, पासबुक, फोटो, सही, जन्मतारखेचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका, वडिलांचं आधार. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलानं आयुष्यात एकाच वेळी दुसऱ्याच्या हातात दिलेली ही सगळ्यांत पूर्ण ओळख असते. एवढ्या कागदांवर सिम निघतं, खातं निघतं, कर्जही निघतं.

जमलं तर अर्ज स्वतः भरा. राज्य शासनाचं महाडीबीटी आणि केंद्राचं राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल ही दोन्ही संकेतस्थळं मोबाइलवर चालतात, थोडी हळू चालतात इतकंच. दोन्हीकडं अर्जाची सरकारी फी शून्य आहे. पत्ता स्वतः टाईप करा. राष्ट्रीय पोर्टलचा पत्ता 'स्कॉलरशिप्स डॉट जीओव्ही डॉट इन' असा आहे आणि महाडीबीटीच्या पत्त्याच्या शेवटी 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' असतं. शोधल्यावर सगळ्यांत वर येणारी लिंक ही जाहिरात असू शकते. शेवट 'जीओव्ही डॉट इन' असा नसेल तर आधार क्रमांक टाकू नका, मग पानावर राजमुद्रा असो की मंत्र्याचा फोटो.

राष्ट्रीय पोर्टलवर आता 'वन टाइम रजिस्ट्रेशन' (ओटीआर) म्हणजे एकदाच करायची नोंदणी आहे. आधाराच्या आधारे १४ अंकी क्रमांक मिळतो आणि शिक्षण संपेपर्यंत तोच चालतो. मला ही सुधारणा फार मोलाची वाटते, कारण एका माणसाच्या नावानं दोन अर्ज होणं त्यामुळं कठीण झालं. पण याचा अर्थ असाही होतो की हा क्रमांक एकदा दुसऱ्याच्या हाती गेला तर तो पुढची सगळी वर्षं त्याच्याकडं राहील. तो डायरीत लिहा, वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका. दरवर्षी 'कुणाला ओटीआर जमला नाही' म्हणून ग्रुपवर मुलं एकमेकांना क्रमांक आणि पासवर्ड पाठवताना दिसतात. मदत करायची असेल तर शेजारी बसून करा.

दुकानातच जावं लागलं तर शेवटपर्यंत शेजारी बसा. मोबाइलच्या रकान्यात आपलाच नंबर आहे ना, ते पाहा. पासवर्ड टाईप करताना दुकानदाराला बाजूला व्हायला सांगा. यात अपमान कसला, बँकेत पिन टाकताना आपण हेच करतो. ब्राउझर 'पासवर्ड जतन करू का' असं विचारेल, नाही म्हणा. कागदांचे फोटो दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवण्याऐवजी पेनड्राइव्ह न्या. काम झाल्यावर डाउनलोडचं फोल्डर, स्कॅनरचं फोल्डर आणि रिसायकल बिन, तिन्ही ठिकाणच्या आपल्या फाईली डोळ्यांदेखत पुसायला लावा. घरी पोचलात की पहिलं काम म्हणजे आपल्या फोनवरून पासवर्ड बदलणं. शेजारी बसून झालेल्या अर्जालासुद्धा ही शेवटची पायरी लागू आहे.

झेरॉक्स द्यायची असेल तिथं अंक झाकलेलं आधार द्या. 'मास्क्ड आधार' डाउनलोड केलं की पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. कॉलेजच्या फाईलला ते बहुतेक वेळा पुरतं. पूर्ण आधारची प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: 'फक्त २०२५-२६ च्या शिष्यवृत्ती अर्जासाठी', खाली तारीख आणि सही. अक्षरं फोटो आणि क्रमांकावरून गेली पाहिजेत, कोपऱ्यात लिहिलेलं सहज कापलं जातं. पडताळणीसाठी १६ अंकी 'व्हर्च्युअल आयडी' चालत असेल तिथं तोच वापरा. डिजिलॉकरमधून थेट दाखला देता येत असेल तर झेरॉक्सचा प्रश्नच मिटतो.

फोन येतो तेव्हा

अर्जाच्या हंगामात 'समाजकल्याणमधून बोलतोय' असे फोन येतात. बोलणाऱ्याला तुमचं नाव, कॉलेज, कधीकधी अर्जाचा क्रमांकही ठाऊक असतो. कुठल्यातरी यादीचा फोटो ग्रुपवर फिरलेला असतो, त्यातून हे सगळं मिळतं. तो म्हणेल की तुमचा अर्ज त्रुटीत अडकला आहे, आजच दुरुस्त करायला हवा, ओटीपी सांगा. किंवा म्हणेल की रक्कम मंजूर आहे, थोडी प्रोसेसिंग फी भरा. किंवा एखादी एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल, पाठवेल, 'यात तुमची यादी आहे.'

तिन्हींचं उत्तर एकच. फोन ठेवा आणि स्वतः पोर्टल उघडून अर्जाची स्थिती पाहा. खरी त्रुटी असेल तर ती तिथं लिहिलेली असतेच. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. एपीके फाईल उघडली तर तुमचे संदेश दुसऱ्याला वाचता येतात, म्हणजे ओटीपी विचारायचीही त्याला गरज उरत नाही. सरकारी खात्यांच्या संदेशात पाठवणाऱ्याच्या सांकेतिक नावाच्या शेवटी आता 'जी' हे इंग्रजी अक्षर असतं. दहा अंकी खासगी नंबरावरून 'शासनाचा' संदेश आला तर तो शासनाचा नाही.

खातं 'वापरायला' मागणारे

यावर मी जरा कडक बोलतो, कारण यात मुलं आरोपी होतात. कुणीतरी ओळखीचा येतो आणि म्हणतो, "तुझ्या नावानं खातं काढू, शिष्यवृत्ती येईल, निम्मे तुझे. फक्त एटीएम कार्ड आणि सिम माझ्याकडं राहू दे." मुलाला ती मदत वाटते. त्या खात्यात शिष्यवृत्ती येवो न येवो, दुसऱ्या राज्यातल्या कुणाच्या तरी लुबाडलेल्या पैशांची ये-जा सुरू होते. सायबर पोलिस माग काढत येतात तेव्हा खातेदार म्हणून पहिली नोटीस मुलाच्या घरी येते, खातं गोठतं आणि खरी शिष्यवृत्तीसुद्धा त्यातच अडकते. नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत काय होईल याचा विचार करून पाहा. झारखंडमध्येही अनेकांना थोडे पैसे हातावर टेकवून बाकीचे दलालांनी नेले होते. एटीएम कार्ड, पासबुक, सिम आणि पिन यांतलं काहीही कुणाला देऊ नका, सख्ख्या मित्रालासुद्धा नाही. आधीच दिलं असेल तर आजच बँकेत जाऊन खातं बंद करा आणि का बंद करता ते लेखी द्या.

घडलंच तर

कधी पैसे येत नाहीत, कधी अर्ज भरायला गेल्यावर 'या आधारवर नोंदणी आधीच झाली आहे' असं पोर्टल सांगतं. घाबरून दुसरं खातं, दुसरा नंबर असं काही करू नका. नाहीतर दुबार अर्जदार तुम्हीच ठरता.

पैसे गेले असतील तर तासाभरात १९३० ला फोन करा. ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन आहे आणि लवकर कळवलं तर पुढच्या खात्यातली रक्कम गोठवता येते. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. मग लगेच बायोमेट्रिक लॉक करा, पोर्टलचा आणि ईमेलचा पासवर्ड बदला, ज्या बँकेत अनोळखी खातं निघालं तिच्याकडं लेखी तक्रार द्या. खातं उघडतानाचा अर्ज, फोटो आणि तिथं नोंदवलेला मोबाइल नंबर मागा. राष्ट्रीय पोर्टलची रक्कम असेल तर सरकारी देयकांची नोंद ठेवणाऱ्या पीएफएमएसच्या संकेतस्थळावर देयकाची स्थिती पाहता येते, कुठल्या बँकेत गेली ते तिथं दिसतं.

पोलिस ठाण्यात जाताना ही कलमं ठाऊक असू द्या. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ६६-सी दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक ओळख, पासवर्ड वा सही अप्रामाणिकपणे वापरण्याबद्दल आहे आणि ६६-डी संगणकाच्या मदतीनं तोतयेगिरी करण्याबद्दल. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१९ तोतयेगिरीनं फसवण्याबद्दल आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. 'हे आमच्या हद्दीत येत नाही' असं म्हटलं गेलं तर शून्य क्रमांकानं (झीरो एफआयआर) कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, याची नम्रपणे आठवण करून द्या.

कॉलेजला त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. प्रत जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयाला द्या. अनुसूचित जमातीचे विद्यार्थी असाल तर आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला. ही कागदपत्रं पैसे परत आणतीलच असं नाही. पण उद्या 'तुम्ही आधीच लाभ घेतला आहे' असं म्हणून पुढच्या वर्षीचा अर्ज नाकारला गेला तर तारखेनिशी उत्तर द्यायला हीच उपयोगी पडतात. यात्रेत अंगठा दिलेल्या त्या मुलीच्या बाबतीत तेच झालं. बँकेनं चौकशी करून रक्कम परत द्यायला चार महिने घेतले. पण तिचा पोच असलेला अर्ज आमच्या फाईलला होता, म्हणून तिसऱ्या वर्षाचं नूतनीकरण अडलं नाही.

शैक्षणिक कर्जालाही हेच लागू आहे, फक्त तिथं फसवणूक कळायला वर्षं जातात. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो. अठरा पूर्ण झाली की दरवर्षी एक मागवा. ओळखीचं नसलेलं कर्ज दिसलं तर त्याच कंपनीकडं हरकत नोंदवा. ३० दिवसांत निपटारा झाला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद रिझर्व्ह बँकेनं केली आहे.

खिडकीच्या आतल्या माणसांसाठी

माझ्यासारखं काम करणाऱ्या सहकाऱ्यांसाठीही काही सांगायचं आहे. झारखंडमध्ये शाळांच्या लॉगिनचे पासवर्डही दलालांच्या हाती गेले होते. आता राष्ट्रीय पोर्टलवर संस्थेच्या नोडल अधिकाऱ्याची आणि प्रमुखाचीही बायोमेट्रिक पडताळणी होते, तरी लॉगिन 'भरायला' बाहेर देण्याची सवय काही ठिकाणी उरली आहे. ती आजच थांबवा. अर्ज पुढं पाठवण्याआधी यादी मोबाइल नंबरानुसार लावून पाहा. एकाच नंबरावर सात विद्यार्थी दिसले तर सातही जणांना बोलवा. पत्ता तालुक्याचा आणि बँकेची शाखा शेजारच्या राज्यातली असेल तर विचारा. हजेरीपटावर नाव आहे का, ते वर्गशिक्षकांकडून खात्री करून घ्या. मंजूर यादी फलकावर लावायची तर नाव आणि अर्जाचे शेवटचे चार अंक पुरेत. आधार आणि मोबाइलचे रकाने छापण्याआधी काढून टाका. आणि विद्यार्थी समोर आला की त्याच्याकडून 'बँक सीडिंग स्टेटस' तिथंच उघडून घ्या. एका मुलाला दोन मिनिटं लागतात. आम्ही यंदा अर्ज स्वीकारण्याच्या पावतीवरच त्यासाठी एक रकाना ठेवला आहे: बँकेचं नाव, जोडणीची तारीख, विद्यार्थ्याची सही.